भूमध्य समुद्र, मुक्काम पाचोरा

स्टाफरूममध्ये वह्या आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. वह्या निदान उन्हाळ्यात रद्दीत जातात. भूगोलाच्या चौधरीबाईंचे किस्से मात्र मी अजून सांगत असतो.

बाई यावलच्या, आमच्या पाचोऱ्याच्या शाळेत टेम्पररी. इन्स्पेक्शन चांगलं झालं तर पर्मनंट, नाहीतर परत घरी, केळीच्या बागेत.

*

आल्या आल्या बाईंनी सातवीला ग्राउंडवर नेलं. पोरं हात धरून गोल उभी, ती जमीन. मधे एक पोरगी डोलतेय, तो समुद्र. "चारी बाजूंनी भूमी, मध्ये पाणी, म्हणून भूमध्य!"

हेडमास्तर आबा व्हरांड्यातून म्हणाले, "बाई, भूगोल चाललाय का फुगडी?"

बाईंनी खूण केली. दोन पोरांनी जोडलेले हात वर उचलले. समुद्र खालून अटलांटिककडे पळाला.

"फुगडीत जिब्राल्टर नसतं, सर."

*

संस्कृतचे नाना हटून बसले, शब्द आपलाच. बाईंनी समजावलं, "लॅटिनमधून आलाय, नाना. मेडियस म्हणजे मध्य, टेरा म्हणजे भूमी. आपण फक्त मराठीत आणला."

"मेडियस, मध्य. बघा, उचलला आपलाच!"

चहा गार झाला, नाना गार झाले नाहीत.

*

बाई पुढे म्हणाल्या, की रोमन लोक आधी समुद्राला हा शब्द लावतच नसत. किनाऱ्यापासून लांब, आतल्या मुलखाला म्हणत. समुद्राला तो मागाहून चिकटला.

आमचे क्लार्क भाऊ बोदवडचे, समुद्रापासून कोसो लांब. ते खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे मूळचे भूमध्य आम्ही. समुद्र नंतर आला."

पुढे रजेच्या अर्जात त्यांनी तेच लिहिलं, 'भूमध्यास जाणे आहे'. आबांनी रजा मंजूरही केली.

*

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आबांनी बजावलं, "उद्या हात धरणं बंद. व्याख्या पाठ करून घ्या." बाईंचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

साहेब सातवीत आले. बसकरपट्ट्यांच्या मधोमध उभे राहून विचारलं, "भूमध्य म्हणजे काय?"

एकही हात वर नाही. बाई पांढऱ्याफटक. आबांनी डोळे मिटले.

मग पुढच्या रांगेतली मंगल उठली. तिने शेजारणीचा हात धरला. बघता बघता सगळा वर्ग उठला आणि साहेबांभोवती गोल पुरा झाला.

"साहेब, आते तुम्ही समुद्र," मंगल घरच्या अहिराणीत म्हणाली. "बठ्ठी जमीन आम्ही, चारी बाजूंनी."

साहेबांनी फाईल छातीशी धरली. "आणि मला बाहेर जायचं असेल तर?"

मागच्या दोघांनी हात उचलले. "वाट आठे शे, साहेब. जिब्राल्टर."

साहेब वाकून बाहेर पडले. आबांना म्हणाले, "बाईंना पर्मनंट करा."

मग फाईल आबांच्या हातात दिली, पुन्हा वाकून आत शिरले आणि मधोमध उभे राहून डोलायला लागले.