कुडव्याचे सर आणि भाषांचं आजोळ

कॉम्प्युटरच्या भाषांचं आजोळ विचारणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो गोंदियाजवळच्या कुडव्यात किराणा दुकानाच्या माडीवर क्लास चालवायचा. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. नवी भाषा आली की सर मुलगी बघायला निघाल्यासारखे सावध व्हायचे. हिचे आईबाप कोण, कोणाच्या घरून काय आणलं? जावा शिकवायला घेतली तेव्हा पहिले कित्येक दिवस या चौकशीतच गेले. "हे महिरपी कंस सी भाषेच्या घरचे. आणि वापरून झालेली मेमरी आपोआप झाडून काढायची रीत लिस्प नावाच्या जुन्या भाषेची, म्हणजे पणजीची. ओळखून ठेवा पोट्टेहो, उद्या दुसऱ्या घरी गेले तं हेच लोक भेटतीन." वंशावळीनं फळा भरला की प्रोग्राम खडूनं भिंतीवर लिहिला जायचा.

एकदा एका पोराचे वडील चौकशीला आले. सरांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "जावात अर्धंअधिक उसनं आहे, भाऊ." भाऊ उठलेच. "माझ्या पोट्ट्याले उसनं कायले शिकवता? कोरं द्या ना!"

"कोरं कुठंच भेटत नाही," सर म्हणाले.

झालं! कुडव्याचा मास्तर सेकंड हँड शिकवतो, अशी बातमी गोंदियाभर फिरली. स्टेशनाकडे एसी क्लास निघालाच होता. पोरं तिकडे गेली. आम्ही उरलेल्यांनी विनवलं, "सर, पाटीवर 'एकदम लेटेस्ट' तरी लिहा."

"खोटं बोलून पोट्टे जमा करू काय बे?"

मी दहावीतच शाळा सोडलेला. मार्कशीट न मागता मला बसवून घेणारे तेवढेच. आज बेंगळुरूत नोकरी आहे; पण नवी भाषा आली की वाटतं, आता आपलं बिंग फुटणार. मग सरांसारखी चौकशी करतो. ओळखीचे चेहरे सापडतात आणि कामाला लागतो.

जावात लॅम्डा ही लिस्पमधली जुनी सोय आली तेव्हा ऑफिसात नव्याचा गाजावाजा चालला होता. मी जिन्यात जाऊन सरांना फोन लावला. "सर, पणजीचं आणखी एक भांडं जावाकडे आलं." सर खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "क्लास बंद केला रे. कॉम्प्युटर झाकून ठेवले. तू दिवाळीले येऊन राहिला काय? येशीन तं एक चालू ठेवतो."

येतो म्हणालो. रजा मागायची हिंमत झाली नाही. पुढच्या दिवाळीआधी फोन केला, तो त्यांच्या मुलीनं उचलला. बाबा उन्हाळ्यातच गेले, म्हणाली. एका कॉम्प्युटरवर मात्र त्यांनी शेवटपर्यंत कापड टाकू दिलं नव्हतं.