मफलरची वही

आमच्या इमारतीत तळमजल्यावर घड्याळजी राहतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे एक कॉट, एक स्टोव्ह आणि गेल्या वर्षापासून एक कुत्रा. लग्न का नाही केलं विचारलं की म्हणतात, "वेळच मिळाला नाही." मागे भिंतीवर चाळीस घड्याळं टिकटिकत असतात, आणि हा माणूस हे गंभीर चेहऱ्याने म्हणतो.

मी समोरच्या दारात राहते. शाळा दुसरीपर्यंत, त्यातही पहिलीत दोनदा बसले. हे सांगते कारण पुढे त्याचं काम आहे.

कुत्रा त्यांच्या ताईचा. मेहुणे वारले, ताई लेकीकडे राहायला गेल्या, तिथे कुत्र्याला जागा नव्हती. तपकिरी अंग, गळ्याभोवती पांढरा पट्टा, म्हणून नाव मफलर. आला तो थेट कामाच्या टेबलाखाली शिरला. "ये, ये रे राजा," म्हणून बोलवावं तर आणखी भिंतीला चिकटायचा. हात पुढे केला की दात दाखवायचा.

एक दिवस इमारतीचे सेक्रेटरी मनगटावरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आले. खाली वाकून प्रेमाने म्हणाले, "अरे ये ये!" आणि फाटकी पँट सावरत परत गेले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली: महिनाभरात कुत्रा शांत झाला नाही तर इथून हलवावा.

घड्याळजींनी ती चिठ्ठी चार वेळा वाचली आणि ताईंच्या फोटोमागे ठेवली. त्या दिवशी जेवले नाहीत.

मग शहाण्यांची रीघ लागली. "दोन दिवस उपाशी ठेवा." "पट्ट्याने दोन लगावा." "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही." हे शेवटचं मी म्हटलं.

"आजी, बंद घड्याळ मारून चालू होतं का?" घड्याळजी म्हणाले. "आधी उघडून बघावं लागतं, काटा कुठे अडतोय ते."

"अहो, पण कुत्रा उघडणार कुठून?"

"बघून."

त्यांनी शाळेची एक वही आणली. मफलर कधी दडतो, त्याआधी काय झालं, कान कुठे, शेपूट कुठे, सगळं लिहायला लागले. भिंगातून घड्याळ बघणारा माणूस, त्याला बारीकसारीक फार दिसायचं. एकदा मला म्हणाले, "जांभई देतो ना, तेव्हा झोप आलेली नसते. घाबरलेला असतो."

"मग आमचे हे माझं बोलणं ऐकताना घाबरायचे म्हणायचे!"

हसले नाहीत, विचार करून म्हणाले, "असेल."

मफलर गुरगुरला की मी दटावायला जायचे, तर मला थांबवायचे. "तो दात लावायच्या आधी सांगतोय, आजी. सांगू नको म्हटलं तर उद्या न सांगता चावेल." हे मला पटलं. घरातल्या माणसांचंही असंच असतं.

तरी कोडं सुटेना. दुपारी बाराला चाळीस घड्याळं एकदम ठणाणा करायची, हा पठ्ठ्या घोरत पडायचा. आणि कधी शांत खोलीतून अचानक गोळी लागल्यासारखा पळायचा. पंधरा दिवस गेले, पंधरा उरले.

सेक्रेटरींच्या घड्याळाचा एक सुटा भाग मिळत नव्हता, तो शोधायला घड्याळजी बाहेर पडले. जाताना वही माझ्या हातात दिली. "दिसेल ते लिहा." मी बसले, पेन्सिल ओली करून लिहिलं.

आल्यावर त्यांनी वाचलं. "आजी, तुम्ही त्याला बोलावलंत कशाला? मी नको म्हटलं होतं."

"मी? मी त्याच्याकडे बघितलंही नाही."

"मग हे काय? 'ये म्हटलं. पळाला.'"

"अहो, ते दारावर भाजीवाला आला, त्याला हाक मारली. 'ए!' म्हणून."

"मग 'ए' लिहायचं ना!"

"एकच की! ऐकायला काय फरक आहे?"

घड्याळजींनी मग वहीची मागची पानं भराभरा उलटली. रद्दीवाल्याला कोणी ए केलं, पळाला. पोरांनी रस्त्यावर ए केलं, पळाला. आणि आम्ही सगळे त्याला प्रेमाने म्हणत होतो, 'ये'! काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्यांनी लगेच ताईंना फोन लावला. "दाजी मफलरला काय म्हणून हाक मारायचे गं?"

ताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "त्याला काय नि मला काय, एकच. 'ए!' माझं नाव कधी घेतलं त्यांनी? ऐकू कमी यायचं, म्हणून आवाज मोठा. आणि मागोमाग हातात असेल ते भिरकावायचे. मी वाकायला शिकले. तो टेबलाखाली जायचा."

घड्याळजींनी फोन ठेवून वही मिटली. ताईंनी हे आधी कधी सांगितलं नव्हतं.

"नवा शब्द पाहिजे," मग ते मला म्हणाले. "ज्याच्यावर कोणी ओरडलेलं नाही असा."

शब्द निवडला 'वाजले'. त्यांच्या तोंडात तोच बसलेला! मफलरकडे पाठ करून बसायचं, हळूच "वाजले" म्हणायचं, उकडलेल्या अंड्याचा तुकडा जमिनीवर ठेवायचा. ओढायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, वरून हात न्यायचा नाही. तुकडा रोज वीतभर अलीकडे.

मला काम दिलं 'ए' सोडायचं. सत्तर वर्षांची सवय हो! मफलर आठ दिवसांत टेबलाबाहेर यायला लागला. मी अजून जीभ चावत होते. जित्याची खोड ती माझीच निघाली.

महिना भरला त्या सकाळी सेक्रेटरी आले. सांगितल्याप्रमाणे उंबऱ्याबाहेर अंग तिरकं करून उभे, नजर छताकडे. टेबलाखाली हालचाल नाही. घड्याळजींच्या तोंडातून तो शब्दच फुटेना.

सेक्रेटरी ताटकळले. रिकाम्या मनगटाकडे बघून म्हणाले, "माझं घड्याळ तर तुमच्याकडेच. किती वाजले हो?"

टेबलाखालून आधी नाक आलं, मग मफलर सगळा आला आणि घड्याळजींच्या स्टुलाला टेकून बसला.

"हा काय वेळ सांगायला आला?"

"नाही, अंडं मागायला," मी म्हटलं.

सेक्रेटरी हसले, पण आवाज न करता. जाताना म्हणाले, "राहू दे त्याला."

आकाश गडगडलं की मफलर अजून टेबलाखाली जातो. कोणी ओढून काढत नाही. दुकानात मात्र कोणी वेळ विचारला की घड्याळजींना अंडं सोलावं लागतं.

ताई मध्ये भेटायला आल्या. घड्याळजींनी दारातच त्यांना नावाने हाक मारली, पूर्ण नावाने. ताईंनी आधी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.