ताराबाईंच्या इर्जिकीला नाना आले

फर्दापूरला लोक अजिंठ्याची लेणी बघायला जातात. मी आणि माझे वडील, नाना, गेलो ते दुसऱ्याचं रान नांगरायला. तेही चार वर्षं ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांचं.

आमचं रान फर्दापूरपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. पलीकडे भिल्ल वस्तीची शेतं. त्यांची गाडीवाट पिढ्यान्‌पिढ्या आमच्या रानातून जायची. ‘नकाशात वाट नाही’ म्हणत नानांनी ती नांगरून टाकली. तेव्हापासून वस्तीतल्या बाया कापूस डोक्यावरून वाहतात. चूक आमचीच होती. पण आम्ही राहतो चिकलठाण्याला, मी तिथे नोकरी करणारा. नानांपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

मे महिन्यात ताराबाईंचं आवतण आलं. ताराबाई वस्तीच्या म्होरक्या, आता गावच्या सरपंच. त्यांच्या शेतात इर्जिक होती. म्हणजे गावाने आपापली औतं आणून एकाचं रान नांगरून द्यायचं आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. अशा बोलावण्याला कुणी नाही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, गाडी काढ.

उन्हाळ्यात चिकलठाण्याहून जाणार असाल तर पहाटेच निघा. फुलंब्री, सिल्लोड, मग अजिंठ्याचा घाट. अडीच-तीन तास धरा. सिल्लोडला चहा-भजी झकास मिळतात, दोघांचं शंभरात भागतं. नानांनी भज्यांना हात लावला नाही.

पोचलो तर आठ औतं आणि एक ट्रॅक्टर आमच्या बांधाशी खोळंबलेले. ताराबाईंचं शेत सगळ्यात आत, जायचं तर आमच्याच रानातून. बाईंनी इर्जिक का घातली ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “नाना, रान तुमचं हाय. तुमी म्हनाल तिथूनच औतं जातील.”

नाना बांधावरून रानात उतरले. मग ढेकळं तुडवत बरोबर जुन्या वाटेवरून चालायला लागले. मागोमाग बैल निघाले. माझा जीव भांड्यात पडला.

घोळ मी घातला, दुपारी. पंगत बसली आणि मी सवयीने आईने दिलेलं दशम्यांचं फडकं सोडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इर्जिकीत घरची भाकरी काढणं म्हणजे तुमच्या हातचं आम्हाला चालत नाही, असं तोंडावर सांगणं. ताराबाईंनी फडकं उचललं, दशम्यांचे तुकडे केले आणि पंगतभर वाढून टाकले. मग माझ्या ताटात उडदाचं वरण ओतलं. लसणाची सणसणीत फोडणी होती. नानांनी दोनदा मागून घेतलं.

हात धुताना नाना म्हणाले, “चुकलं माझं, ताराबाई.”

“व्हय, चुकलं,” त्या म्हणाल्या. “आता खुणंचे दगड लावूनच जा.”

उन्हं कलेपर्यंत दोघांनी मिळून वाटेच्या दोन्ही अंगांना दगड रोवले. कुठला कुठे, यावरून वादही घातला, पण तो शेजाऱ्यांचा वाद होता. येताना घाटात नाना चक्क घोरत होते. चार वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी आमचं रान कसणाऱ्या माझ्या चुलतभावाला फोन लावला. यंदा दगडांच्या आत पेरायचं नाही म्हणाले. तो कुरकुरला असावा, दोन ओळी जातात म्हणून.

“बायांनी चार वर्षं डोक्यावर वाहिलं,” नाना म्हणाले, “तुला दोन ओळी जड झाल्या व्हय?”