चढावर बसून राहायचं

सारंगखेड्याच्या हेमकांतआप्पांच्या घरात तीन पिढ्या घोडे शिकवतात. रेवाल चाल अशी की स्वाराच्या हातातला चहा डुचमळायचा नाही. घोडं दमून आलं की आधी लगाम धरून गोल फिरवत त्याचा दम जिरवायचा, मगच बांधायचं. त्याच घरात आप्पांनी चाळिशी ओलांडल्यावर दातेरी टायरांची डर्ट बाइक आणली. घरची घोडी आठवडाभर त्यांच्याकडे पाठ करून उभी होती, असं आमचा मित्र भटू सांगतो. भटू शपथेवर खोटं बोलतो, पण हे खरं वाटतं.

भटू, भाग्येश आणि मी रविवारी सातपुड्यात गाड्या घालतो. आप्पा आले आणि आमच्या रविवारांना रंगच चढला. निघताना ते टाकीवर थोपटतात, गिअर टाकताना जिभेनं टक् टक् करतात. ओढ्यात, दगडगोट्यांत त्यांचा तोल बघत राहावा. अडचण एकच. धडगावच्या अलीकडे लाल मुरमाचा एक खडा चढ आहे. तिथं मध्यावर इंजिन रडायला लागलं की आप्पा पायउतार होतात. घोडेवाल्यांचा शिरस्ताच तो: चढावर जनावराला दम लागला की मालकानं उतरायचं. दोनदा उतरले, दोनदा गाडी त्यांना घेऊन खाली घसरली. आणि आमचा नियम असा, की ज्याला चढ जमत नाही त्यानं सगळ्यांच्या भाकऱ्या पाठीवर वाहायच्या. या रविवारीही उतरले तर हे काम कायमचं त्यांच्याकडे, असं ठरलं होतं. नियम भटूनंच केला, कारण आधी भाकऱ्या तोच वाहायचा.

आम्ही तिघं वर पोचून खाली बघत उभे राहिलो. आप्पा सुटले. काय सुटले! मागे धुळीचा तुरा, मुरूम नुसता उधळतोय. मध्यावर मागचं चाक फिरलं जागच्या जागी, इंजिनानं टाहो फोडला, आणि आप्पांचा उजवा पाय हवेत आला.

भटू हाताचा कर्णा करून म्हणाला, "आप्पा, बठी ऱ्हाय. लोखंड शे ते, मरत नही."

पाय तसाच लोंबकळला. मग आप्पा टाकीवर ओणवे झाले, गाडीला काहीतरी म्हणाले, पाय जागेवर ठेवला आणि मूठ पिळली. गाडी आमच्या नाकासमोरून जी वर आली ती थेट पळसाच्या झुडपात. आप्पा मात्र बसलेलेच.

आम्ही खांद्यावर घ्यायला धावलो, तर आप्पा खाली उतरून, इंजिन बंद करून, हँडल धरून गाडीला गोल गोल फिरवायला लागलेले. तिला काय म्हणालात, असं भाग्येशनं विचारलं. आप्पा लाजले.

"मी तिनी माफी मांगी."

शेरडं घेऊन आलेली एक म्हातारी थांबून हा प्रकार बघत होती. पेट्रोल संपलं का, असं तिनं काळजीनं विचारलं.

"पेट्रोल शे, माय," आप्पा म्हणाले. "तिले दम लागेल शे."

आणि मान ताठ करून त्यांनी आणखी एक फेरी धरली.