धाकूचे गाऱ्हाणे

गोवा मुक्त झाला त्यानंतर चारेक वर्षांनी मांद्र्याचा धाकू मुरगाव बंदरात जहाजांचे दोर बांधायला लागला. पुढच्या तेवीस वर्षांत गावची एकही चवथ त्याने चुकवली नाही. गणपतीवरची माटोळी त्यानेच बांधायची, हे घरात ठरलेले. रानातल्या केवणीची साल सोलायची आणि त्या दोरीने सुपाऱ्या, आंबाडे, चिबूड लाकडी चौकटीला टांगायचे. जहाज अडवणाऱ्या हाताची गाठ, ती काय सुटते.

आरतीनंतर थोरला भाऊ दत्ताराम गणपतीपुढे गाऱ्हाणे घाली. घरातल्या एकेकाचे नाव घेऊन शेवटी म्हणे, "आनी धाकू मुरगावाक आसा, तेका सुखरूप घराक हाड." धाकू पाठीशीच उभा असे, तरी त्याला घरी आण म्हणणारे, वडिलांनी घालून दिलेले ते वाक्य कधी गळले नाही. सगळे म्हणत, "व्हय म्हाराजा."

मुरगावातच वाढलेले धाकूचे मुलगे मोठे झाले. आपला गणपती आपल्या घरात का नाही, असे विचारू लागले. मूळ घरापासून गणपती वेगळा करणे म्हणजे चूल वेगळी करण्याहून मोठी गोष्ट. त्याला थोरल्याचा होकार लागतो. धाकू शिव्या खायच्या तयारीनेच गावी गेला. दत्ताराम म्हणजे चहा घेतोस का विचारले तरी आधी नको म्हणणारा माणूस.

त्याने सगळे ऐकून घेतले. "घेवन जा. पोरां थंयचीच जाली," म्हणाला आणि आतून केवणीची जुडी आणून धाकूच्या हातात दिली.

नको म्हणाला असता तर भांडता तरी आले असते. परतीच्या बसमध्ये ती जुडी मांडीवर घेऊन बसलेल्या धाकूला फार वाईट वाटत होते.

चवथीला मुरगावच्या दोन खोल्यांत गणपती बसला. माटोळीचे सामान बाजारातले, गाठी तेवढ्या धाकूच्या. आरती झाली. इथे थोरला तोच, म्हणून गाऱ्हाणे त्यानेच घातले. दत्तारामचे, वहिनीचे, बायकोचे, मुलांचे नाव घेतले. बोलता बोलता भावाचाच सूर लागला आणि तोंडून निघून गेले, "आनी धाकू मुरगावाक आसा, तेका सुखरूप घराक हाड."

मुलगे एकमेकांकडे बघू लागले. धाकूला चूक कळली, पण शब्द मागे घेववेना.

बायको विनोदिनी हात जोडून उभी होती. ती एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."