तिसऱ्याचं काय ठरलं?

कुणा दोघांचं भांडण मिटलं असं कळलं की आपण ‘बरं झालं’ म्हणतो. साबळेबाई म्हणायच्या, “ते असू दे. तिसऱ्याचं काय ठरलं?” बाई कोल्हापूरच्या, इथं सौदीत यान्बूच्या आमच्या भारतीय शाळेत इतिहास शिकवायच्या. अमेरिकेचं यादवी युद्ध त्या एका तासात उरकत आणि त्यानंतरच्या समेटावर महिनाभर रेंगाळत. “लढाई काय, कुणालाही जमते. उभारणीला अक्कल लागते,” हे त्यांचं आवडतं वाक्य.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळींतही यादवी झाली. दिवाळीचं जेवण आम्ही राहतो त्या कंपाउंडच्या हॉलमध्ये की समुद्रावर, यावरून राणे आणि देवधर या दोन इंजिनियरांनी दोन व्हॉट्सअॅप ग्रुप काढले. बायका आपल्याकडे ओढायला राणे म्हणाले, “आमच्याकडे स्वयंपाक पुरुष करणार!” देवधरांनी लगेच भांडीही कबूल केली. माझी बायको वैशाली हरखली. ती गाते सुरेख; पण दर दिवाळीला कार्यक्रम बाहेर रंगायचा आणि ही आत पुऱ्या तळायची. या वर्षी गायचंच म्हणून ती महिनाभर रियाझाला बसली.

मग समेट झाला. आमच्याच घरी राणे-देवधरांनी मिठी मारली, मंडळातली पदं वाटून घेतली. “खलास! भांडण संपलं,” राणे म्हणाले. देवधर म्हणाले, “पुऱ्या वहिनी बघतीलच, नेहमीसारखं.” मीही मान डोलावली. वैशाली चहाचे कप उचलून आत गेली.

“आणि तिसऱ्याचं काय ठरलं?” कोपऱ्यात चहा घेत बसलेल्या साबळेबाई म्हणाल्या. “अमेरिकेत गुलामगिरी गेली. सुटलेल्यांना मताचा हक्क मिळाला, त्यांच्यातले काही निवडूनही आले. मग उत्तर-दक्षिणेचे गोरे भांडून दमले, गळ्यात गळे घातले आणि त्या लोकांना दिलेला शब्द सोयीनं विसरले. पुढं कैक वर्षं ती माणसं मतालाही मुकली.”

“अहो बाई, पुऱ्या म्हणजे काय गुलामगिरी?” राणे हसले.

“न्हाई की. त्यांच्या हालांशी तुमच्या पुऱ्यांची बरोबरी कशी होईल? पण शब्द गिळायची रीत तीच. यल्ला, चला राणे, कणीक मळायला शिका!”

बाईंपुढे कुणाची टाप! दिवाळीला देवधरांनी कणकेत इतकं पाणी ओतलं की तिची खीरच व्हायची बाकी होती. मी कढईशी घामाघूम. तेवढ्यात बाहेर वैशालीचा आवाज लागला आणि माझा झारा थांबला. बाई पुरी मागायला आत आल्या होत्या.

“बाई, दोन मिनिटं झारा धरता? तिचं गाणं ऐकून येतो.”

“न्हाई,” बाई गोड हसल्या. “इतकी वर्षं ती सगळं इथूनच ऐकत होती. तुम्हीपण ऐका.”

उन्हाळ्यात बाई कायमच्या कोल्हापूरला गेल्या. त्यांची फार आठवण येते. दिवाळीच्या पुऱ्या आता सगळेच पाळीपाळीनं तळतात. माझी पाळी असली की मी त्या दिवशीचं गाणं आठवतो. शब्द न् शब्द ऐकू आला होता, पण गाताना ती कशी दिसत होती ते मला अजून ठाऊक नाही.