बरे राहिलेल्यांची साक्ष

मंडळाच्या अध्यक्षांचा ई-मेल मी उभ्यानेच वाचला. गणपतीच्या जेवणानंतर अनेकांना उलट्या झाल्या. आजारी पडलेल्या प्रत्येकाने श्रीखंड खाल्ले होते. सबब, यापुढे घरी केलेले दुधाचे पदार्थ मंडळात आणू नयेत, असे त्यात फर्मावले होते. श्रीखंड माझ्या पत्नीचे होते. अमेरिकेत, चँडलरला आल्यापासून दर गणपतीला तिचेच असते आणि ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा तिचे नाव न घेण्यातला सभ्यपणा निव्वळ देखावा होता.

तिने ई-मेल ऐकला, चक्का बांधायचे फडके घडी करून खालच्या खणात टाकले आणि म्हणाली, "बरं झालं, सुटले." त्यानंतर तिने मंडळाचे नावच काढले नाही. तिच्या मैत्रिणी, तिचे भजन, तिचे सारे जग त्या मंडळात होते.

मी आयुष्यभर वकिली केली. बचावाची बाजू न ऐकता दिलेली शिक्षा मला पचत नाही. त्याच दुपारी उत्तराचा मसुदा तयार झाला. पहिल्या परिच्छेदात नैसर्गिक न्यायाची तत्त्वे होती, दुसऱ्यात अध्यक्षांची लायकी.

आमच्या वरच्या खोलीत नागपूरची एक विद्यार्थिनी भाड्याने राहत होती. तिला वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करायचे होते आणि त्यासाठी साथरोगशास्त्र व जैवसांख्यिकी शिकणे भाग होते. मसुदा मी तिला दाखवला.

"लेटर जबरदस्त आहे, काका. पण डेटा त्यांच्याकडे नाही, अन् तुमच्याकडे पण नाही."

"आजारी पडलेल्या सगळ्यांनी श्रीखंड खाल्लं, हे त्यांच्याकडे आहे."

"आणि जे आजारी नाही पडले, त्यांनी काय खाल्लं?"

ज्याला काहीच झालेले नाही, असा साक्षीदार मी कोर्टात कधी बोलावला नव्हता. मसुद्याच्या पाठीवर तिने चार घरे आखली: खाल्ले आणि आजारी, खाल्ले आणि बरे, न खाल्ले आणि आजारी, न खाल्ले आणि बरे. अध्यक्षांनी एकाच घरात डोकावून निकाल दिला होता. मी त्या चार घरांकडे पाहत राहिलो. इतका नेटका उलटतपास मी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता.

मग मी तिच्याबरोबर अभ्यासाला बसू लागलो. ती पाठ मला समजावून सांगे, मी हरकती घेई. पहाटे फिरताना मनात तक्तेच चालत. पत्नी म्हणाली, "लग्नात सुद्धा एवढे खूश नव्हता."

जंतू शोधायला उरलेले अन्न हवे होते. ते केव्हाच कचऱ्यात गेले होते. उरली होती ती माणसांची आठवण. फोनवर बसलो. श्रीखंड जवळपास सर्वांनीच खाल्ले होते, आणि त्यांतले बहुतेक ठणठणीत होते. आजारी होते ते शेवटच्या पंगतीतले: वाढपी, स्वयंसेवक, आमच्या रिवाजाप्रमाणे सर्वांना जेवू घालून मग बसणारे.

"म्हणजे उशिरा जेवणं हेच कारण?" मी विचारले.

"घाई नको, काका. उशिरा बसल्यामुळे त्यांच्या पानात वेगळं काय आलं, ते बघा."

शेवटच्या पंगतीतही काही जण बरे होते. ते मधुमेहाचे निमित्त सांगून भात टाळणारे आणि श्रीखंडाला मात्र नाही न म्हणणारे निघाले. मग एका कुटुंबातल्या, इथेच जन्मलेल्या मुलीचा फोन लागला. तीही वाढायला होती आणि आजारी पडली होती.

"श्रीखंड किती घेतलंस?"

"नो श्रीखंड, अंकल. आय ॲम व्हीगन. जस्ट द राइस."

दूधदुभते न खाणाऱ्या या मुलीला अध्यक्षांनी विचारलेच नव्हते. मी फोन ठेवला आणि जिन्याखालून वरच्या विद्यार्थिनीला हाक मारली. मसालेभात सकाळीच शिजून हॉलमधल्या झाकलेल्या ट्रेमध्ये शेवटच्या पंगतीपर्यंत कोमट पडून होता. तशा भातात वाढणारा आणि काही तासांत उलट्या करवणारा एक जंतू तिच्या पुस्तकातच होता.

मी लिहिले: श्रीखंड निर्दोष. तिने ते खोडले.

"असं नाही लिहिता येत. संबंध आढळला नाही, एवढंच. आणि भातावर दाट संशय."

"निर्दोष हा शब्द मी सोडणार नाही."

"मग माझी मदत मी मागे घेते."

आतून पत्नी म्हणाली, "ती म्हणते तसं लिहा. मला खरं असेल तेवढं पुरे."

ते पत्र माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान पत्र ठरले. अध्यक्षांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. ते संगणकाच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत.

"काका, नुसत्या खराब चिप्स बघून मी असा रिपोर्ट दिला असता, तर घरी बसवलं असतं मला. ई-मेल मागे घेतोय. काकूंना फोन द्या, दिवाळीचं विचारायचंय."

तिने ऐकून घेतले. "करीन श्रीखंड. पण भात आयत्या वेळी शिजवायचा आणि शेवटची पंगत लवकर बसवायची. त्यासाठी ह्यांना भाषण करू द्यायचं नाही."

या शेवटच्या अटीवर मी मंडळाकडे लेखी हरकत नोंदवली आहे. फडके मात्र धुऊन दोरीवर वाळत आहे.